पाहुणा कलावंत आणि यजमान गाव

मुंबईहून हावड्यास जाणारा लोहमार्ग गोंदिया सोडून डोंगरगडाच्या दिशेने निघाला म्हणजे थोड्याच वेळात आमगावचे स्टेशन लागते. दोन्ही बाजूंस धानाच्या बांध्या, मधून मधून एखाद्या तलावाचे पाणी, आणि दूरवर डोंगरांची निळसर रेघ. याहून अधिक काही प्रवाशाच्या दृष्टीस पडत नाही, व पडावे अशी त्याची अपेक्षाही नसते. परंतु या गावाजवळ पदमपूर म्हणून एक लहानसे खेडे आहे, आणि त्याचे नाव ऐकताच संस्कृत नाटकांवर प्रेम करणारा मनुष्य क्षणभर थबकतो. ‘उत्तररामचरिता’चा कर्ता भवभूती आपल्या दोन नाटकांच्या प्रस्तावनेत आपल्या पूर्वजांचे गाव दक्षिणापथातील पद्मपूर असे सांगतो. दुर्ग येथे मिळालेल्या वाकाटकांच्या एका अपुऱ्या ताम्रपटातही पद्मपुराचे नाव आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूरच होय, असे साधार प्रतिपादन केले. आमगावच्या महाविद्यालयासही भवभूतीचेच नाव देण्यात आलेले आहे.

ज्या गावास असा वारसा लाभला आहे त्या गावाकडे आज ना उद्या कलेच्या कैवाऱ्यांचे लक्ष जाणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. हल्ली जगभर एक नवी रीत रूढ झाली आहे. एखादी संस्था जुन्या, इतिहासप्रसिद्ध गावी एक घर घेते. चित्रकार, लेखक, नट, छायाचित्रकार यांस महिना दोन महिने तेथे राहण्याचे निमंत्रण देते. त्यांच्या अन्नवस्त्राची व साहित्याची सोय लावते. आणि गावचा वारसा व गावचे लोकजीवन यांपासून स्फूर्ती घेऊन त्यांनी काही निर्माण करावे, एवढीच अपेक्षा ठेवते. या व्यवस्थेस ‘आर्टिस्ट रेसिडेन्सी’ असे नाव आहे. आम्ही तिला कलावंत-निवास म्हणू.

‘रेसिडेन्सी’ हा शब्द आमच्या विदर्भात काही निराळ्याच आठवणी जागवितो. आमगावचा हा सारा मुलूख पूर्वी नागपूरकर भोसल्यांचा. त्यांच्या दरबारी कंपनी सरकारचा एक ‘रेसिडेंट’ राहावयास आला. तो पाहुणा म्हणून आला, त्याच्यासाठी घर बांधले गेले, आणि तो पाहता पाहता घरचे हिशेब तपासू लागला. १८१७ साली सीताबर्डीची लढाई झाली आणि १८५४ साली राज्यच खालसा झाले. बिचाऱ्या चित्रकाराची तुलना त्या राजकारणी पाहुण्याशी करणे अन्यायाचे होईल, हे आम्हांस मान्य आहे. तथापि पाहुणा म्हणून आलेला मनुष्य यजमानाच्या घरातून काय घेऊन जातो, व जाताना काय ठेवून जातो, हा प्रश्न या शब्दाच्या पोटातच आहे. कलावंत-निवासाच्या संबंधाने तोच प्रश्न आम्ही येथे विचारणार आहोत: ज्या गावाच्या जीवनातून कलावंत आपली कृती निर्माण करतो, त्या गावाचे त्याच्यावर काही ऋण होते काय? आणि होत असेल तर ते त्याने कसे फेडावे?

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कलावंतास घरापासून दूर नेऊन निवांत जागा देणे ही गोष्ट नवी नाही. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६६ साली रोम शहरी आपल्या कलावंतांसाठी विद्यापीठ काढले, ते प्राचीन शिल्पे त्यांनी डोळ्यांसमोर ठेवून शिकावे म्हणून. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर प्रांती १९०७ साली स्थापन झालेल्या मॅकडॉवेल वसाहतीत तर रानात विखुरलेल्या कुट्या आहेत, आणि कलावंताच्या कामात व्यत्यय येऊ नये म्हणून दुपारचे जेवण टोपलीत घालून दाराशी ठेवण्याची व निःशब्द परतण्याची तेथील चाल प्रसिद्ध आहे. अशा ठिकाणी कलावंतास हवा असतो तो एकांत. गाव कोणते, शेजारी कोण, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. आणि म्हणून शेजाऱ्यांचे त्याच्यावर फारसे ऋणही होत नाही. जागा ज्याने दिली त्याचे आभार मानले की व्यवहार संपला.

परंतु ज्या निवासाचा हेतूच गावापासून स्फूर्ती घेण्याचा आहे, तेथे हा हिशेब चालत नाही. तेथे संस्था घर देते, पण कृतीचा कच्चा माल गाव देते. म्हातारीच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या, धानाच्या रोवणीच्या वेळची गाणी, पडक्या देवळाची कथा, एखाद्या घरातील भांडण, एखाद्या वस्तीचे दारिद्र्य, हे सर्व कोणाचे तरी आहे. संस्थेच्या मालकीचे ते खास नाही; तेव्हा संस्थेने दिलेल्या निमंत्रणपत्राने त्यावर कलावंताचा हक्क उत्पन्न होतो असे मानता येत नाही.

या बाबतीत आमच्या महाराष्ट्रात एक जुना व बोधप्रद दाखला आहे. १८४४ साली रॉबर्ट गिल नावाचा लष्करी अधिकारी अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठी कंपनी सरकारच्या आज्ञेने आला, आणि त्याने अनेक वर्षे या कामी घालविली. त्याच्या निष्ठेविषयी शंका घेण्यास जागा नाही. अजिंठा गावी पारो नावाच्या त्याच्या प्रिय स्त्रीचे १८५६ सालचे थडगे आहे. तेव्हा गावाशी त्याचा संबंध केवळ रंगाकुंचल्यापुरता नव्हता हेही उघड आहे. पण त्याने केलेल्या नकला विलायतेस गेल्या, आणि तेथील स्फटिकगृहास १८६६ साली लागलेल्या आगीत त्यांपैकी बहुतेक जळून गेल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांसह तेच काम पुन्हा केले. त्यांतीलही पुष्कळ चित्रे १८८५ साली लंडनमध्ये अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडली. आग हा दैवाचा घाला होय. त्याबद्दल कोणास दोष देता येत नाही. परंतु नकला करताना मूळ चित्रे अधिक स्पष्ट दिसावीत म्हणून भिंतींवर वॉर्निशाचा हात देण्यात आला, तो दैवाचा घाला नव्हे. ते वॉर्निश कालांतराने पिवळे पडले, काळवंडले, आणि त्याखालची चित्रे खराब झाली. नकला जळाल्या, आणि अस्सल चित्रांवर नकलाकारांच्या प्रेमाचा डाग तेवढा राहिला.

या गोष्टीतील ‘प्रेम’ हा शब्द आम्ही उपरोधाने वापरीत नाही. गिल किंवा ग्रिफिथ्स यांस त्या चित्रांचे मोल त्या काळच्या बहुतेक लोकांहून अधिक कळले होते. आणि नेमके म्हणूनच ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. लुटारूपासून गावाने सावध राहावे हे सांगावे लागत नाही. परंतु ज्याचे आपल्यावर प्रेम आहे, आणि जो आपल्याला स्वतःच्या डोळ्यांना अधिक स्पष्ट दिसावे म्हणून आपल्यावर एक चकचकीत लेप देतो, त्याच्यापासून सावध कसे राहावे? कलावंत-निवासात आलेला पाहुणाही पुष्कळदा गावावर असा लेप देतो. त्याला हवे असते ‘प्राचीन’, ‘निर्व्याज’, ‘मातीशी इमान राखणारे’ असे काही. आणि ते स्पष्ट दिसावे म्हणून तो चित्रातून विजेचा खांब, भिंतीवरची जाहिरात व पोराच्या हातातील मोबाईल फोन पुसून टाकतो. गाव मात्र त्या लेपाखाली राहते.

येथे कोणी असे म्हणेल की, कलावंताचे ऋण असेल तर ते कलेचे, गावाचे नव्हे. आणि या पूर्वपक्षाच्या समर्थनार्थ खुद्द भवभूतीचीच साक्ष काढता येईल. त्याने आपल्या समकालीनांच्या पसंतीची फिकीर केली नाही. काळ अनंत आहे आणि पृथ्वी विशाल आहे, तेव्हा आपला समानधर्मा कोठे तरी, केव्हा तरी जन्मास येईल, या विश्वासावर त्याने आपली नाटके सोडून दिली. पद्मपुरात तो राहिलाही नसावा. ‘राजतरंगिणी’ त्याला कनोजच्या यशोवर्म्याच्या पदरी असलेला कवी म्हणून ओळखते. मग विदर्भातील एका गावाने त्याच्याकडे कसले ऋण मागावे?

हा आक्षेप वजनदार आहे, पण त्याने सिद्ध होते ते एवढेच की, कलेच्या गुणदोषांचा निवाडा गावाच्या हाती नाही. ते आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. गावाला आवडले म्हणून चित्र चांगले ठरत नाही आणि नावडले म्हणून वाईट ठरत नाही. परंतु गुणदोषांचा निवाडा वेगळा आणि ऋणाचा हिशेब वेगळा. अनंत काळावर भिस्त ठेवणाऱ्या या कवीनेही आपल्या नाटकाच्या दारातच आपल्या पूर्वजांचे गाव, आजा, बाप आणि आई यांची नावे घेतली आहेत. भट्ट गोपाळाचा नातू, नीलकंठ व जातुकर्णी यांचा पुत्र, अशी स्वतःची ओळख तो परमुलखातील प्रेक्षकांस करून देतो. ज्याला कोणाचेच देणे नाही असे वाटते, तो मनुष्य असा पत्ता देत नाही.

किंबहुना आम्हांस असे वाटते की, आमच्या प्रश्नाचे उत्तर भवभूतीनेच देऊन ठेवले आहे, आणि तेही त्याच्या सर्वोत्तम नाटकात. ‘उत्तररामचरिता’चा पहिला अंक चित्रदर्शनाचा आहे, हे वाचकांस ठाऊक आहेच. एका चित्रकाराने लक्ष्मणाच्या सांगण्यावरून रामाचे चरित्र भिंतीवर रंगविले आहे; आणि ते पाहावयास येतात ती माणसे कोण? परदेशचे रसिक नव्हेत, राजसभेतील पंडित नव्हेत. ज्यांचे आयुष्य त्या चित्रांत उतरले आहे तेच राम, सीता आणि लक्ष्मण त्या चित्रांचे पहिले प्रेक्षक होत. आम्ही हा प्रसंग अनेकदा वाचला होता; परंतु कलावंत-निवासाचा प्रश्न मनात घेऊन वाचला तेव्हा त्यात किती बारकावे भरले आहेत हे प्रथमच ध्यानात आले.

चित्रे कोठवर आली आहेत, असे राम विचारतो. सीतेच्या अग्निशुद्धीपर्यंत, असे लक्ष्मण सांगतो. त्याबरोबर राम कळवळतो. जी जन्मतःच पवित्र आहे तिला शुद्धीची काय गरज, असे तो म्हणतो, आणि सीतेची जणू क्षमा मागतो. चित्रकाराने काही खोटे काढले नव्हते. घडले तेच काढले होते. पण ज्याच्यावर ते घडले त्याला ते कसे दिसते, हे चित्र त्याच्यापुढे आल्यावाचून कोणास कळले असते? पुढे लक्ष्मण विवाहाच्या चित्रातील वधूंची ओळख करून देतो, आणि लाजेने ऊर्मिला तेवढी वगळतो. सीता हसून तिच्याकडे बोट दाखविते: आणि ही दुसरी कोण? पुढे मंथरेचे चित्र येते. राम उत्तर न देता दुसऱ्याच चित्राकडे वळतो. शूर्पणखा दिसताच सीता भिते, आणि हे चित्र आहे असे तिला सांगावे लागते. दंडकारण्याची चित्रे पाहता पाहता तिला पुन्हा त्या वनांत हिंडावे, गंगेच्या पाण्यात उतरावे अशी इच्छा होते. आणि ती इच्छाच तिच्या त्यागाचे निमित्त होऊन बसते. एका चित्रमालिकेतून पश्चात्ताप, थट्टा, मौन, भय आणि ओढ एवढे सारे उत्पन्न झाले. परक्या रसिकाने तीच चित्रे पाहिली असती तर ‘रेषा सुंदर आहेत’ एवढे म्हणून तो पुढे गेला असता.

यातून निघणारा सिद्धांत आम्ही साध्या शब्दांत मांडतो. ज्यांच्या आयुष्यातून कृती निर्माण झाली त्यांच्या डोळ्यांपुढे ती प्रथम ठेवावी, आणि त्यांचे बोलणे ऐकून घेण्यास कलावंताने तेथे हजर असावे. ऋण फेडण्याची हीच रीत होय. पैसा, मानधन, शाळेला भेट दिलेली रंगपेटी या गोष्टी चांगल्या आहेत, पण त्यांनी हे ऋण फिटत नाही. कारण जे घेतले ते पैशाच्या जातीचे नव्हते.

यावर दुसरा, आणि आमच्या मते सर्वांत कठीण, आक्षेप असा येईल: गावाची संमती घेऊनच कला करावयाची म्हटल्यास गावाची पापे कधीच उघडी पडणार नाहीत. ज्या गावात पाणवठ्यावर जातीची रेघ आहे, ज्या घरात सुनेचा छळ होतो, तेथील मातबर मंडळी कलावंताला कोणते चित्र काढू देतील? सर्वांस आवडेल असे देवळाचे व सूर्यास्ताचे चित्र तेवढे शिल्लक राहील. हा धोका खरा आहे, आणि ज्या कलावंत-निवासांचे उत्पन्न मातबरांच्या मर्जीवर चालते तेथे तो अधिकच आहे.

परंतु दाखविणे म्हणजे परवानगी मागणे नव्हे. रामाने कळवळून उद्गार काढला तरी अग्निशुद्धीचे चित्र भिंतीवरून पुसले गेले नाही. आणि याच नाटकाच्या शेवटच्या अंकात भवभूतीने या आक्षेपाचे पुरते उत्तर दिले आहे. पहिल्या अंकाच्या शेवटी दुर्मुख नावाचा हेर येऊन रामाच्या कानात लोकापवाद सांगतो. सीतेविषयी अयोध्येचे लोक जे बोलत होते ते तिच्या पाठीमागे बोलत होते. तिला उत्तर देण्याची संधीच कोणी दिली नाही, आणि त्या एका कुजबुजीने एक संसार मोडला. सातव्या अंकात वाल्मीकी काय करतो? तो सीतेच्या दुःखाचे नाटक रचतो, आणि गंगेच्या तीरावर रामापुढे व त्याच प्रजाजनांपुढे ते करवितो. ज्यांनी दोष दिला त्यांना तो त्यांचाच दोष त्यांच्या समक्ष दाखवितो. मग अरुंधती त्यांची कानउघाडणी करते, त्यांचे मत विचारते, आणि ते सीतेपुढे मस्तक नमवितात. लोकापवाद आणि कला या दोहोंचा विषय येथे एकच आहे. दोहोंमधील अंतर पाठीमागे बोलणे आणि समोर बोलणे यातले आहे. गावाचे पाप रंगवावयाचे असेल तर कलावंताने खुशाल रंगवावे. पण ते दूरच्या शहरातील दालनात, ज्यांना त्या गावाचे काही सोयरसुतक नाही अशांच्या करमणुकीसाठी तेवढे टांगले, तर ते चित्र कितीही सत्य असो, त्याची जात दुर्मुखाच्या वार्तेची होय. गावाच्या चावडीसमोर तेच चित्र लावण्याची छाती ज्याला आहे, त्याला ते काढण्याचा अधिकार आहे.

समोर बोलण्याचे हे बंधन यजमानावरही तितकेच आहे, हे विसरून चालणार नाही. कलावंत नेहमी बलवान आणि गाव नेहमी दुर्बळ असे नसते; पुष्कळदा उलट असते. आमगावच्या उत्तरेस, मैकल डोंगरांच्या पलीकडे, मंडला भागात पाटणगड म्हणून गोंडांचे गाव आहे. तेथील जनगडसिंह श्याम या तरुणाची चित्रकला १९८० नंतरच्या काळात चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्या प्रयत्नांनी भोपाळच्या भारत भवनात आली, आणि १९८९ साली तो पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनापर्यंत पोचला. २००१ साली जपानातील एका संग्रहालयाचा पाहुणा म्हणून तो चित्रे काढण्यास गेला. मुक्काम लांबत गेला. घरी परत जाण्याची ओढ त्याने पत्रांतून व्यक्त केली. आणि अखेर त्याने परमुलखातच आपले जीवन संपविले. तेथे त्याच्या मनात काय चालले होते हे सांगण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु पाहुण्याची चित्रे हवीत आणि पाहुण्याचे गाऱ्हाणे ऐकावयास मात्र जवळ कोणी नाही, अशी स्थिती कोणत्याही यजमानाने येऊ देऊ नये, एवढा धडा त्या मृत्यूपासून घेतलाच पाहिजे. चित्र काढणारा हात ज्या माणसाचा आहे, ते माणूस यजमानाला दिसले पाहिजे.

चांगल्या पाहुणचाराचा दाखला शोधू गेल्यास आम्हांस खानदेशातील फैजपूर आठवते. १९३६ सालच्या डिसेंबरात राष्ट्रसभेचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात भरले, आणि मंडपाच्या शोभेचे काम गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्यावर सोपविले. हेच नंदलाल तारुण्यात, १९०९ च्या सुमारास, लेडी हेरिंगहॅम यांच्यासमवेत अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यास आले होते. तेव्हा महाराष्ट्रातून ते पुष्कळ घेऊन गेले असतील. फैजपुरास त्यांनी आणले काय? शहरातून कापडाचे व कागदाचे भारे आणले नाहीत. बांबू, आणि खेड्यात हाताशी मिळते ते साहित्य, यांतूनच त्यांनी टिळकनगर सजविले. ज्यांच्या घरचे ते साहित्य होते, तेच शेतकरी ते पाहावयास आले. आपल्याच बांबूचे असेही काही होऊ शकते, हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. यापुढे वर्ष-सव्वा वर्षाने हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी नंदलालांनी जी प्रसिद्ध चित्रे काढली, त्यांत सुतार, लोहार, कांडण करणाऱ्या बाया, वाजंत्री अशी खेड्यातील माणसेच आहेत. आणि तीही खेड्यातील माणसांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरच लावली होती.

तथापि सद्हेतूनेही काही गुंते सुटत नाहीत, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. डहाणूकडील वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक लिहिण्याचा मान सवासिणींचा. भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार १९७० नंतर त्या भागात गेले, तेथील लोकांत राहिले, आणि त्यांनी वारल्यांच्या हाती कागद दिला. त्यातून जिव्या सोमा मशे यांच्यासारखा असामान्य चित्रकार जगापुढे आला. १९७५ साली मुंबईत त्यांचे प्रदर्शन झाले आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ही गोष्ट आनंदाचीच आहे. पण भिंतीवरून कागदावर येताना ती कला बायकांच्या हातून बव्हंशी पुरुषांच्या हाती गेली, हेही तितकेच खरे. यात कोणी अपराधी नाही. केवळ सीतेप्रमाणे बोट दाखवून ‘आणि ही दुसरी कोण?’ असे विचारणारे एक माणूस त्या वेळी हवे होते.

आता पुन्हा आमगावास येऊ. समजा, उद्या येथे कलावंत-निवास निघाला. पाहुण्यास गाव दाखविण्याचे काम जो करील तो लक्ष्मणाच्या जागी असेल, आणि लक्ष्मणाप्रमाणेच तोही काही चित्रे वगळील. तो पाहुण्यास पदमपुरास नेईल, भवभूतीची थोरवी सांगेल. आणि ते योग्यच आहे. पण सालेकसा तालुक्यात कचारगडच्या गुहा आहेत, माघी पौर्णिमेस तेथे दूरदूरच्या मुलखांतून गोंड लोक आपल्या देवांच्या भेटीस येतात, ही गोष्ट तो सांगेलच असे नाही. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या बाया, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडावयास पहाटे रानात जाणारी कुटुंबे, सुपात पाने घेऊन विड्या वळणारी बोटे, तलावात जाळे टाकणारे ढिवर, यांस वारशाच्या यादीत जागा मिळत नाही. कारण ती अद्याप जिवंत आहेत. ज्या मुलखात मराठीच्या जोडीला झाडी, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी व हिंदी अशा बोली एकाच बाजारात ऐकू येतात, तेथला वारसा एकट्या संस्कृत कवीच्या नावाने कसा आटोपेल? पाहुण्याची पहिली परीक्षा येथेच आहे. वगळलेल्या चित्राकडे बोट दाखवून त्याने विचारले पाहिजे, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबले पाहिजे.

दुसरी परीक्षा शेवटच्या दिवसाची. या भागात दिवाळी झाली म्हणजे गावोगाव मंडई भरते. घरोघर पाहुणे उतरतात, लेकी माहेरी येतात, दिवसा बाजार व रात्री दंडार, खडीगंमत किंवा नाटक असा थाट असतो. झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात, आणि त्यांचा प्रेक्षक कडाक्याच्या थंडीत पहाटेपर्यंत बसून राहतो. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या लोकांना या रंगभूमीची ओळख झाली. येथील लोकांना ती करून देण्याची गरज नव्हती. ज्यांना चित्र कळत नाही, ज्यांना नाटक कळत नाही असे शहरात बसून आपण ज्यांच्याविषयी बोलतो, ती माणसे ही! नट खोटा वाटला की ती कशी चुळबुळ करू लागतात, हे ज्याने पाहिले आहे तो त्यांच्या रसिकतेविषयी शंका घेणार नाही.

आमची सूचना एवढीच की, आमगावी असा निवास निघालाच तर पाहुण्या कलावंताने आपली कृती प्रथम मंडईच्या दिवशी मांडावी. मुंबई, दिल्ली, पॅरिस ही स्थळे नंतर आहेतच. आणि मांडून रात्रीच्या गाडीने निघून जाऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी गावात राहावे. रात्री जे लोक भिडेस्तव चांगले म्हणाले, ते सकाळी चहाच्या टपरीवर खरे काय ते बोलतील. कोणी म्हणेल, माझ्या आईचा चेहरा असा नव्हता. कोणी म्हणेल, आमची वस्ती तुम्ही काढलीच नाही. एखादी म्हातारी चित्रापुढे उभी राहून काहीच बोलणार नाही, आणि पदराने डोळे पुसून निघून जाईल. चित्रकाराने चित्र बदलावे की नाही, हा त्याचा प्रश्न. तो अधिकार आम्ही त्याच्याकडून काढून घेऊ इच्छीत नाही. पण हे सर्व ऐकत त्याने तेथे उभे राहावे, एवढे मागण्याचा गावाला हक्क आहे.

भवभूतीला हवा असलेला समानधर्मा कोठे जन्मास येईल हे त्याने सांगितले नाही. तो कनोजास येईल, काशीस येईल किंवा सातासमुद्रांपलीकडे येईल. परंतु तो पदमपुरातच, कोणा विडी वळणाऱ्या बाईच्या पोटी येणार नाही, असेही त्याने कोठे म्हटलेले नाही. गावाकडे पाठ करून चित्र काढणाऱ्याला, तो आला तरी, दिसणार नाही.